वर्ग बाहेर नेता येतो, निकाल नाही

प्राध्यापकांचा संप म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: पोरांचं काय? 1965 च्या मार्चमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनाही हाच प्रश्न ऐकावा लागला. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ ते एक दिवस वर्ग बंद ठेवणार होते. गव्हर्नर जॉर्ज रॉमनींपासून सगळे त्यांच्यावर तुटून पडले.

तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साहलिन्स यांनी तोडगा सुचवला: शिकवणं बंद करायचं नाही, उलट रात्रभर शिकवायचं! 24 मार्चच्या रात्री एंजेल हॉलमध्ये सुमारे 3000 जण जमले. वसतिगृहातल्या मुलींना रात्री परतायच्या वेळेची सूट मिळाली. (मुलांना तशी वेळच नव्हती, हे जाता जाता.) मध्येच बॉम्बची धमकी आली, तर सगळे कडाक्याच्या थंडीत बाहेर जमले आणि सभा तिथे चालू राहिली. सकाळपर्यंत व्हिएतनामवर व्याख्यानं, वाद, प्रश्न. 'टीच-इन' हा शब्द रूढ झाला तो या रात्रीमुळे.

ब्रिटनमध्ये 2018 साली 60 हून अधिक विद्यापीठांत पेन्शनसाठी 14 दिवसांचा संप झाला, तेव्हा त्याचं उलटं रूप दिसलं: 'टीच-आउट'. वर्गाला कुलूप, पण कॅफेत, चर्चच्या हॉलमध्ये, फुटपाथवर प्राध्यापक बोलतायत आणि विद्यार्थी ऐकतायत. अर्थात यातून अभ्यासक्रम पूर्ण होत नव्हता. पण आपले शिक्षक का भांडतायत, हे विद्यार्थ्यांना त्यांच्याच तोंडून कळत होतं. बरेच विद्यार्थी मग स्वतःहून त्यांच्याबरोबर फलक घेऊन उभे राहिले.

2023 चं प्रकरण मात्र वेगळं. या वेळी भांडण पगाराचं होतं. 20 एप्रिलपासून 145 विद्यापीठांत पेपर तपासणीवर बहिष्कार सुरू झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे वर्कअराउंडच नव्हता. व्याख्यान रस्त्यावर देता येतं, मार्क देता येत नाहीत. काही विद्यापीठांनी बहिष्कार घालणाऱ्यांचा अर्धा किंवा पूर्ण पगार कापला, त्यामुळे तडजोड आणखी लांबली. एडिनबर्गसारख्या ठिकाणी पदवीदान समारंभ झाले, पण अनेकांच्या हातात अंतिम निकालच नव्हता. परदेशातून आलेल्यांना तर दुहेरी घोर, कारण शिक्षण पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने कळवल्याशिवाय तिथला ग्रॅज्युएट व्हिसा मिळत नाही. नोकरी, घरभाडं, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, सगळं त्याच्याशी बांधलेलं.

6 सप्टेंबरला बहिष्कार संपला. पगाराची मागणी तेव्हाही मान्य झालेली नव्हती, आणि पदवीदानाचे भाड्याचे झगे केव्हाच परत गेले होते.