रक्तशर्करान्यूनता व चिंतेची लक्षणे
रक्तातील ग्लुकोज दर डेसिलिटरला सुमारे ७० मिग्रॅच्या खाली उतरले की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडते. यकृतातला साखरेचा साठा मोकळा करणारे हेच संप्रेरक छातीत धडधड, हातांना कंप, दरदरून घाम आणि विनाकारण भीती आणते. म्हणून ही अवस्था चिंतेच्या झटक्यासारखी भासते. खात्री ग्लुकोमीटरनेच होते. ५४ मिग्रॅखाली मेंदूलाच इंधन पुरत नाही: बोलणे अडखळते, शुद्ध हरपू शकते. मधुमेह नसलेल्यांत अशी घट विरळा. त्यांच्या घाबरेपणाचे कारण सहसा वेगळे असते, हे स्पष्ट सांगायला हवे. खरा धोका इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांना. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या तालुक्यांत भातलावणीला दिवसभर चिखलात वाकून राबणारा किंवा उपाशीपोटी १,४०३ मीटर उंचीचा तोरणा चढणारा मधुमेही औषध घेऊन जेवण चुकवतो, तेव्हा साखर झपाट्याने उतरते. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देण्याची गावाकडची रीतही इथे कामी येते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. लक्षणे ओळखताना हेही लक्षात ठेवावे: बीटा-ब्लॉकर ही हृदय व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांत धडधड दबते, घाम तेवढा येतो.