संपातली स्पर्धा

१९६८ च्या मे महिन्यात संपाने पॅरिस ठप्प झाले होते. आगगाड्या थांबल्या, पेट्रोल मिळेनासे झाले. तरी २७ मे रोजी रोलाँ गारोसच्या लाल मातीवर फ्रेंच टेनिस स्पर्धा सुरू झालीच. (माती म्हणावयाची, वस्तुतः तो विटांचा चुरा!) चार प्रमुख स्पर्धांपैकी धंदेवाईकांना प्रवेश देणारी ही पहिलीच. ३० मे रोजी द गॉल यांनी आकाशवाणीवरून संसद विसर्जित केल्याचे घोषित केले. कामधंदा बंद पडलेले पॅरिसकर खेळ पाहावयास लोटत होते. अंतिम सामना दोघा धंदेवाईकांतच झाला. केन रोझवॉलने रॉड लेव्हरला ६-३, ६-१, २-६, ६-२ असे हरविले. हेच अजिंक्यपद १९५३ साली, अठराव्या वर्षी, त्याने हौशी म्हणून मिळविले होते. पुढे खेळाचे पैसे घेतले, आणि १९५७ पासून अकरा वर्षे हे दार त्याला बंद राहिले.