शिवराईला किती मार्क? (एपिसोडचं लिखित रूप)

कोणी हिंजवडीच्या शिवाजी चौकात सिग्नलला अडकून ऐकत असेल, कोणी फेज थ्रीच्या बसमध्ये उभ्याने. आजचा विषय छोटा आहे, तळहातावर मावणारा. जुन्या नाण्याची 'कंडिशन' कशी ठरते? आणि ती ठरवणारे आपण कोण?

सुरुवात माझ्या एका गाढवपणापासून. आजीच्या देवघरात एक शिवराई होती. आजीने ती मला दिली आणि मी उत्साहाच्या भरात चिंच-मीठ लावून ती लख्ख घासली. नवीन तांब्यासारखी चमकायला लागली! मग पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात तीच घेऊन गेलो. टेबलामागच्या काकांनी भिंगातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, घासलीस काय ही?" मी म्हटलं, "हो काका, फार काळी पडली होती." ते म्हणाले, "तो काळेपणाच तर तिचं वय होतं रे."

तिथून मी या विषयात शिरलो.

आधी शिवराई म्हणजे काय ते बघू. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाची नाणी निघाली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति', कडेने ठिपक्यांचं वर्तुळ. हे नाणं इतकं रुजलं की महाराजांनंतर पेशवाईतही त्याच धाटणीची नाणी वेगवेगळ्या टांकसाळींत पडत राहिली. म्हणून अक्षरांची वळणं बदलतात, कुठे 'शिव'चं 'सिव' होतं.

ही नाणी हाताने पाडलेली. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वर तांब्याची चकती, तिच्यावर दुसरा ठसा, आणि वरून हातोड्याचा घाव. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे पूर्ण मजकूर नाण्यावर उमटायचाच नाही. एखाद्या शिवराईवर 'छत्र' दिसतं, 'पति' अर्धाच. म्हणजे नाणं झिजलंय का? नाही! ते जन्मलंच तसं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे दोन वेगळे बग आहेत. एक बिल्डमधला, एक वापरातून आलेला. नाणं पारखताना पहिला प्रश्न हाच: हे अक्षर उमटलंच नव्हतं, की उमटून घासलं गेलं? झीज असेल तर अक्षराचा वरचा भाग सपाट होतो, पण मुळाची सावली उरते. ठसाच बाहेर गेला असेल तर अक्षर मध्येच कापल्यासारखं संपतं आणि शेजारचं अक्षर मात्र टोकदार असतं.

आता जगभर चालणारी मोजपट्टी बघा. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १ ते ७० अशी पट्टी मांडली. कशासाठी? अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. त्याचा हिशोब असा, की १ नंबरचं नाणं जेमतेम ओळखू येणारं, आणि ७० नंबरचं त्याच्या सत्तरपट किमतीचं. किमतीचं ते गणित लवकरच कोलमडलं, पण आकडे टिकले. आज १२ च्या आसपास 'फाइन', २० ते ३५ 'व्हेरी फाइन', ४० पासून 'एक्स्ट्रा फाइन', आणि ६० च्या पुढे न वापरलेलं नाणं. १९८० च्या दशकात अमेरिकेत कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. गंमत म्हणजे याच शेल्डनने एका संस्थेच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्याजागी हलके ठेवल्याचं नंतर उघड झालं. पट्टी बनवणाऱ्यालाच पारखायची वेळ आली!

पण सेंट यंत्रावर पडलेला, शिवराई हाताने. एकाच आकड्यात ठसा आणि झीज दोन्ही कोंबले तर अन्याय होतो. म्हणून प्राचीन, हाताने पाडलेल्या नाण्यांसाठी ठशाला वेगळे गुण आणि पृष्ठभागाला वेगळे गुण द्यायची पद्धतही आहे. मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

आणि पारख आपल्याला नवीन आहे का? अजिबात नाही. गावगाड्यात पोतदार असायचा, नाणं खरं की खोटं ते सांगणारा. आपल्या शेजारी चिंचवडला पेशवाईत टांकसाळ होती. पुण्याचा अंकुशी रुपया त्यावरच्या अंकुशाच्या खुणेवरून ओळखला जाई, आणि त्यावर नाव मात्र फारसीत मुघल बादशहाचं! वेगवेगळे रुपये बाजारात फिरायचे. मग सराफ नाणं वाजवून बघायचा, वजन करायचा, कधी छोटी खूण ठोकून आतली चांदी तपासायचा. झिजलेल्या किंवा हिणकस रुपयाला बट्टा कापला जायचा. 'नावाला बट्टा लागणे', 'खणखणीत नाणं' हे शब्द आपण आजही वापरतो. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया आणला आणि बट्ट्याचा हा धंदा हळूहळू आटला.

फरक बघा. सराफ विचारायचा, चांदी किती उरली? संग्राहक विचारतो, अक्षरं किती उरली? सराफाने ठोकलेली ती खूण आज नाण्याचे मार्क कमी करते. खरं तर ती खूण म्हणजे त्या काळातलं सर्टिफिकेटच!

आता कामाच्या गोष्टी. जुनं नाणं घासू नका. चिंच, लिंबू, पावडर, काहीही नको. कडेला धरा, मऊ कागदी पाकिटात कोरडं ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 'डबीबंद' करायला परदेशी पाठवायचा विचारही करू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. आणि ऑनलाइन लख्ख, सगळी अक्षरं मधोमध बसलेली शिवराई स्वस्तात दिसली तर आधी शंका घ्या.

शेवटी मी काकांना विचारलं, "मग आता हिला किती मार्क?" ते म्हणाले, "मार्क गेले. पण खरी आहे. विकू नकोस."

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "अरे, दर लक्ष्मीपूजनाला मीही घासतेच की तिला. माझ्या सासूबाईही घासायच्या."

म्हणजे ती झीज फक्त बाजाराची नव्हती. आमच्या घरातल्या बायकांच्या बोटांचीही होती. शेल्डनच्या पट्टीवर त्याला आकडा नाही. शिवराई परत देवघरात आहे. यंदा फक्त हळदकुंकू वाहायचं, घासायचं नाही, एवढं आजीने कबूल केलंय.

तुमच्या देवघरात काय आहे? बघा, फोटो काढा, आजीला विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!