मर्यादित जबाबदारीची मर्यादा

आपल्या समाजातील तरुण आता केवळ नोकरीत समाधान न मानता कंपन्या स्थापन करू लागले आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि नावापुढे ‘लिमिटेड’ हा शब्द असला की कंपनी बुडाली तरी संचालकाच्या घरादारास धक्का लागत नाही, अशी सरसकट समजूत पुष्कळांच्या मनात असते. ती कितपत खरी, हे इतिहासाच्या आधारे पाहणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील जुन्या पेढ्यांत मालक आणि पेढी ही दोन नव्हती. पेढीचे देणे ते घराचे देणे. इतकेच नव्हे, तर बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे, पौत्राचे व प्रपौत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई, आणि न्यायालयेही ते मान्य करीत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा त्यापुढील कर्जांपुरते हे बंधन संपले.

विलायतेतही अमर्याद जबाबदारीने केवढा अनर्थ होई, याचे उदाहरण म्हणजे ग्लासगो शहराची ‘सिटी ऑफ ग्लासगो बँक’. ही बँक १८७८ च्या ऑक्टोबरात बुडाली. ती ‘लिमिटेड’ नव्हती. म्हणून १०० पौंडांच्या भागामागे भागधारकांकडून प्रथम ५०० आणि मागाहून २,२५० पौंड मागण्यात आले. १,८१९ भागधारकांपैकी अवघे २५४ तगले. बाकीच्यांचे दिवाळे वाजले. विधवा व अनाथ मुले यांच्यासाठी विश्वस्त म्हणून ज्यांनी भाग आपल्या नावे धरले होते, त्यांनाही पदरचे पैसे भरावे लागले. खोटे ताळेबंद प्रसिद्ध करणाऱ्या संचालकांवर १८७९ साली एडिंबरो येथे खटला होऊन त्यांस तुरुंगवास घडला.

अशा अनर्थापासून सामान्य भागधारकास वाचवावे, हाच मर्यादित जबाबदारीचा हेतू. हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने हे तत्त्व आले व १८६० साली ते बँकांनाही लागू झाले. भागाची जी रक्कम भरावयाची राहिली असेल, तेवढ्यापुरताच भागधारक बांधलेला, असा हा नियम होय.

परंतु कंपनी जो चालवतो, तो संचालकही असाच मोकळा राहतो काय? या प्रश्नाचा प्रसिद्ध निर्णय लंडनमधील ॲरन सॉलोमन नामक पादत्राणांच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात झाला. त्याने १८९२ साली आपला धंदा स्वतःच स्थापिलेल्या कंपनीस विकला. २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे, आणि बायकोमुलांचा प्रत्येकी एक. वर्षभरातच कंपनी बुडाली. सॉलोमन म्हणजेच कंपनी, तेव्हा देणे त्यानेच द्यावे, असे म्हणणे पुढे आले व खालच्या न्यायालयांना ते पटले. परंतु हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९६ च्या नोव्हेंबरात एकमताने निर्णय दिला, की कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. तिचे ऋण ते सॉलोमनचे ऋण नव्हे. सॉलोमनने लबाडी केल्याचे दिसत नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या देशातील कायद्यानेही ही भिंत मान्य केली, पण तिला दारे ठेवली. धनकोंना फसवण्याच्या हेतूने धंदा चालवला, तर त्यात जाणूनबुजून सामील असलेल्यांवर कंपनीच्या देण्याची अमर्याद जबाबदारी टाकता येते. कंपनीचा पैसा गिळंकृत केला, तर तो परत भरावा लागतो. या तरतुदी १९५६ च्या कंपनी कायद्यात होत्या व २०१३ च्या कायद्यातही आहेत. काम बंद पडलेल्या कंपनीचे नाव निबंधकाच्या यादीतून कमी झाले म्हणजे सुटलो, असेही नव्हे. संचालकांची जी जबाबदारी असेल ती तशीच चालू राहते, आणि २० वर्षांपर्यंत धनकोस न्यायाधिकरणाकडे जाऊन ते नाव पुन्हा यादीवर आणवता येते.

कराची गोष्ट आणखी निराळी. १९६१ च्या आयकर कायद्याने खासगी कंपनीकडून वसूल न होणारा कर त्या वर्षीच्या संचालकांवर घातला; आपला हलगर्जीपणा वा कर्तव्यच्युती यास कारण नाही, हे सिद्ध करण्याचा भारही संचालकावरच ठेवला. पत्नीचे किंवा वृद्ध मातेचे नाव ‘केवळ जागा भरण्यासाठी’ संचालक म्हणून घालणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

सर्वांत मोठे दार मात्र आपण स्वतःच उघडतो. बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक जामीनकी मागते, आणि आपण कागद न वाचता सही करतो. कर्जात बुडालेल्या कंपनीची पुनर्रचना मंजूर झाली, तरी तेवढ्याने जामीनदार सुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी दिला आहे.

सारांश, ‘लिमिटेड’ ही प्रामाणिक अपयशाची ढाल आहे. लबाडी, बेपर्वाई व दिलेला शब्द यांस ती लागू नाही. यास्तव संचालकपद स्वीकारताना हिशेबाच्या वह्या स्वतः पाहाव्या, जामीनकीचा कागद जाणत्या वकिलास दाखवावा आणि घरच्या माणसांस विश्वासात घ्यावे. पद सोडल्यास राजीनाम्याची नोंद निबंधकाकडे झाली की नाही, याची खात्री करावी. आपल्या समाजाचे उद्योग वाढोत आणि कोणाचेही राहते घर अज्ञानापायी लिलावात न जावो, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.