मोटारीच्या रंगाचे पॉलिशिंग

मोटारीच्या रंगाचे पॉलिशिंग म्हणजे मोटारीच्या बाह्य रंगलेपावरील बारीक ओरखडे, डाग आणि निस्तेजपणा घर्षक द्रव्यांच्या साहाय्याने घालवून पृष्ठभाग पुन्हा सपाट व चकचकीत करण्याची प्रक्रिया होय. या कामात वापरली जाणारी द्रव्ये मूलतः दोन प्रकारची असतात. कंपाउंड व पॉलिश ही रंगलेप झिजवणारी द्रव्ये आहेत, तर मेण, सीलंट आणि सिरॅमिक लेप ही रंगलेपावर पसरून राहणारी द्रव्ये आहेत. गॅरेजच्या बोलीत मात्र या सर्वांनाच ‘पॉलिश’ किंवा ‘रबिंग’ म्हटले जाते. या सरमिसळीचा परिणाम केवळ शब्दांपुरता राहत नाही. मेण चुकीचे निवडले तर ते धुऊन टाकता येते. कंपाउंडने झिजलेला थर मात्र पुन्हा रंगकाम केल्याशिवाय भरून येत नाही.

रंगलेपाची रचना

कारखान्यातून निघालेल्या आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. फॉस्फेट प्रक्रिया केलेल्या पत्र्यावर विद्युत्-निक्षेपणाने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग असलेला थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला व्यवसायात क्लिअर कोट म्हणतात. काही कारखान्यांत प्रायमरचा स्वतंत्र थर वगळला जातो. सर्व थरांची मिळून जाडी बहुधा ८० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यात पारदर्शक थराचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतल्यास घासण्यासाठी हाती किती थोडे असते याची कल्पना येते.

मोटारीची चकाकी याच पारदर्शक थरातून येते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषणारी रसायनेही त्यात असतात. हा थर फार पातळ झाला की खालचा रंग फिका पडू लागतो आणि कालांतराने बॉनेट व छतावर पांढरट चट्टे येऊन पापुद्रे सुटतात. या अवस्थेला पोहोचलेला भाग कोणत्याही पॉलिशने सुधारत नाही.

रंगलेपाची जाडी मोजण्याचे हातात धरता येणारे उपकरण मिळते. ते लोखंडी पत्र्यावर चुंबकीय प्रवर्तनाने, तर ॲल्युमिनियमवर भोवरी प्रवाहाने काम करते. प्लॅस्टिकच्या बंपरवर त्याची साधी आवृत्ती निरुपयोगी ठरते. हे उपकरण सर्व थरांची एकत्रित जाडी सांगते, पारदर्शक थराची वेगळी सांगत नाही. त्यामुळे २५० मायक्रॉन असा आकडा दिसला तर तेथे भरपूर पारदर्शक थर आहे असा अर्थ न घेता तो भाग पूर्वी पुन्हा रंगवला गेला असावा असे समजणे योग्य. त्याहून बरेच मोठे आकडे बहुधा खाली पुट्टी भरल्याचे सांगतात.

इतिहास

मोटारउद्योगाच्या आरंभी गाड्यांना तेलमिश्रित वार्निशाचे रंग हाताने दिले जात आणि ते वाळायला कित्येक दिवस, काही वेळा आठवडे लागत. १९२० च्या दशकात ड्युपॉन्ट कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने ही अडचण दूर केली. भारतात हे व्यापारी नाव इतके रुळले की फवारून दिलेल्या कोणत्याही चकचकीत रंगाला, मग तो लाकडी कपाटावरचा का असेना, ‘ड्यूको’ म्हणण्याची पद्धत पडली.

लॅकर व त्यानंतरचे सिंथेटिक इनॅमल हे एकथरी रंग होते. रंगद्रव्य वरच्याच थरात असल्याने उन्हाने तो थर पांढुरका, खडूसारखा होई आणि घासून तो मृत भाग काढणे हीच त्याची नियमित देखभाल होती. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर यांसारख्या गाड्यांवर मराठी मुलुखातील कारागिरांच्या पिढ्या घडल्या. जाडसर रबिंग कंपाउंड, लोकरीचा बफ आणि दांडगा हात ही त्या रंगांसाठी योग्य पद्धत होती. पारदर्शक थराच्या गाड्या आल्यावर रंग बदलला, हात मात्र बऱ्याच ठिकाणी तोच राहिला. आजच्या गाड्यांवर दिसणाऱ्या बफच्या वर्तुळाकार खुणांचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

एकथरी रंग अद्याप पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. जुन्या गाड्यांबरोबरच काही नव्या गाड्यांचे पांढरे रंगही एकथरी असतात. ओळख सोपी आहे: झाकलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासल्यास फडक्याला गाडीचा रंग लागतो. पारदर्शक थर असल्यास फडके रंगत नाही. पांढऱ्या गाडीसाठी अर्थातच गडद फडके घ्यावे लागते.

घर्षक द्रव्ये

कंपाउंड आणि पॉलिश यांत फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. दोन्हींत पाणी, तेले व द्रावके यांत मिसळलेले, मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. कंपाउंडातील कापण्याची क्षमता अधिक असते, पॉलिशमधील कमी. काही द्रव्यांतील कण घासताना फुटून बारीक होत जातात. अशी द्रव्ये पुरेसा वेळ फिरवली नाहीत तर धूसर खुणा मागे राहतात. दुसऱ्या प्रकारचे कण आधीपासूनच अतिसूक्ष्म व एकसारखे असून शेवटपर्यंत तसेच राहतात. कोणता प्रकार हाती आहे हे बाटलीवरील सूचनांवरून कळते. ‘एक नंबर, दोन नंबर’ अशी क्रमवारी एका उत्पादकापुरतीच खरी असते. एका कंपनीचे मध्यम पॉलिश दुसरीच्या कंपाउंडाइतके कापू शकते.

ग्लेझ या नावाने विकल्या जाणाऱ्या द्रव्यांत व अनेक स्वस्त कंपाउंडांत तेले आणि भरण द्रव्ये असतात. ती ओरखड्यांत बसून त्यांना तात्पुरते झाकतात. काम संपल्यावर गाडी आरशासारखी दिसते आणि दोन-चार धुलाईनंतर ओरखडे परत येतात. जुन्या गाड्यांच्या विक्रीत हे विशेष महत्त्वाचे ठरते. खरा पृष्ठभाग पाहण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने एक लहान भाग पुसून तेथे उन्हाचा किंवा टॉर्चचा तिरका प्रकाश टाकतात. ट्यूबलाइटच्या पसरट प्रकाशात वर्तुळाकार खुणा जवळजवळ दिसत नाहीत.

यंत्रे व पॅड

रोटरी पॉलिशर एका आसाभोवती फिरते. ते वेगाने कापते, पण एका जागी थांबले तर उष्णतेने रंग जळतो, आणि दरवाजाच्या कडा, बॉनेटवरील उठावाच्या रेषा अशा ठिकाणी, जेथे रंग मुळातच पातळ बसतो, क्षणात प्रायमर उघडा पडू शकतो. दुहेरी गतीचे यंत्र स्वतःभोवती फिरता फिरता लंबकेंद्री हेलकावे घेते. त्याचा पॅड मोकळा फिरत असल्यास जास्त दाब पडताच फिरणे मंदावते; कामाच्या दृष्टीने हा तोटा असला तरी नवशिक्यासाठी तेच संरक्षण आहे. घरी स्वतः काम करणाऱ्याने असेच यंत्र घ्यावे, असे बहुतेक जाणकारांचे मत आहे.

पॅडची निवड द्रव्याइतकीच निर्णायक असते. लोकरीचा पॅड सर्वाधिक कापतो, मायक्रोफायबरचा त्याखालोखाल. फोमचे पॅड कडक ते मऊ अशा अनेक प्रतींत मिळतात. तेच पॉलिश लोकरीवर कंपाउंडासारखे वागते आणि मऊ फोमवर अंतिम चमक देते. पॅडच्या रंगावरून प्रत ठरवू नये, कारण रंगांचा संकेत प्रत्येक कंपनीचा वेगळा आहे. वाळलेल्या द्रव्याने भरलेला पॅड स्वतःच ओरखडे पाडतो. म्हणून तो वारंवार ब्रशने साफ करणे आणि एका गाडीसाठी एकाहून अधिक पॅड ठेवणे आवश्यक असते.

निवडीची पद्धत

रंगाचा कठीणपणा गाडीगणिक बदलतो. गॅरेजमध्ये हार्डनर घालून दिलेला पारदर्शक थर कारखान्यातील भट्टीत पक्क्या झालेल्या थरापेक्षा पुष्कळदा मऊ असतो. म्हणून एकच द्रव्य सर्वत्र चालत नाही. प्रचलित नियम असा की दीड-दोन फूट चौरस भागावर सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ पॅड व बारीक पॉलिशने, चाचणी करावी. खुणा गेल्या तर संपूर्ण गाडीवर तीच जोडी वापरावी. न गेल्यास आधी पॅड बदलावा आणि मग द्रव्य. कंपाउंड वापरलेच तर त्याने आलेली धूसरता काढण्यासाठी पुढे बारीक पॉलिशचा फेरा द्यावा लागतो.

नख फिरवल्यावर अडकते असा ओरखडा बहुधा पॉलिशच्या आवाक्याबाहेर असतो. त्याच्या तळापर्यंत सभोवतालचा सगळा थर उतरवण्यापेक्षा कडा थोड्या गोल करून तो कमी उठून दिसेल एवढेच करणे शहाणपणाचे. वॉटर पेपरने घासून ओरखडा काढणे, मग तो २००० किंवा ३००० क्रमांकाचा का असेना, जाडी मोजल्याशिवाय करू नये.

जोरकस कंपाउंडिंगच्या एका फेऱ्यात सुमारे २ ते ४ मायक्रॉन थर जाऊ शकतो. गाडीच्या संपूर्ण आयुष्यात पारदर्शक थरातून ७-८ मायक्रॉनपेक्षा अधिक काढू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. महाराष्ट्रात दसऱ्याला वाहनांची पूजा होते आणि त्याआधी गाडीला ‘रबिंग मारून’ घेण्याची हौस अनेकांना असते. वरील हिशेबाने दरवर्षीची ही हौस तीन-चार वर्षांतच थराची सुरक्षित मर्यादा संपवते. त्याऐवजी दरवर्षी धुणे व मेण, आणि पॉलिश गरजेपुरतेच, हा क्रम रंगाला मानवतो.

मेण व अन्य संरक्षक लेप

कार्नौबा मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरून मिळते. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण गणले जाते व सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंशांच्या आसपास वितळते. शुद्ध कार्नौबा हाताने पसरवता येत नाही, म्हणून डब्यातील मेणात द्रावके, तेले व इतर मेणे मिसळलेली असतात. ‘शंभर टक्के कार्नौबा’ हे शब्द डब्यातील सर्व पदार्थाला उद्देशून नसतात. या मेणाने गडद रंगांना खोली येते, परंतु ते काही आठवडे ते दोन-तीन महिनेच टिकते.

सीलंट ही कृत्रिम बहुवारिके व सिलिकोनवर आधारित असून काही महिने टिकतात. सिरॅमिक लेप सिलिकायुक्त असून रंगाशी घट्ट बांधला जातो व वर्षभर ते काही वर्षे राहतो. त्याच्या जाहिरातींत येणारा ‘९एच’ हा आकडा पेन्सिल-कठीणता चाचणीचा आहे; खनिजांच्या मोहस् मापनश्रेणीशी त्याचा संबंध नाही. एक-दोन मायक्रॉनचा हा थर रासायनिक डाग व मळ रोखण्यास मदत करतो, पण दगडाचा टोला किंवा वाळूचा ओरखडा थांबवत नाही. शिवाय तो पारदर्शक असल्याने खाली राहिलेल्या खुणा वर्षानुवर्षे जपून ठेवतो. खडीपासून बचाव करायचा असेल तर पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म हाच उपाय आहे. नव्याने रंगवलेल्या भागावर द्रावके उडून जाईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन महिने, मेण किंवा सीलंट लावू नये.

दक्षिण कोल्हापूरमधील परिस्थिती

कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातले नेसरी आणि लगतचे आजरा व चंदगड तालुके घाटमाथ्याजवळ येतात. पश्चिमेला आंबोलीच्या बाजूस पाऊस अतिशय मोठा आणि जमीन जांभ्याची. जांभ्याच्या लाल धुळीत लोहाची ऑक्साइडे असतात आणि रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कणही मिसळलेले असतात. क्वार्ट्झची मोहस् कठीणता ७ असून कोणताही पारदर्शक थर त्यापुढे मऊ आहे. रोज सकाळी कोरडे फडके मारून ही धूळ झटकणे म्हणजे प्रत्यक्षात सौम्य काचकागद फिरवणे होय. पॉलिशने काढाव्या लागणाऱ्या बहुतेक खुणा अशाच तयार होतात. आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहू देणे, मग शांपूच्या पाण्यासाठी व फडके खळबळण्यासाठी वेगवेगळ्या बादल्या वापरणे, हा कोणत्याही कंपाउंडपेक्षा स्वस्त उपाय आहे.

उसाच्या गळीत हंगामात, म्हणजे पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत, साखर कारखान्यांच्या परिसरात बगॅसची काळी राख गाड्यांवर पडते. ती पुसायची नसते, धुवायची असते. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री मोठ्या संख्येने असून अशा ठिकाणी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे सूक्ष्म कण रुतून गंजाचे ठिपके दिसू शकतात. हे ठिपके घासून काढण्याऐवजी लोहकण विरघळवणारे द्रावण वापरतात, जे लोखंडाशी संयोग होताच जांभळे होते. उरलेला मळ ओल्या क्ले बारने उचलतात. आंब्याच्या झाडाखाली लावलेल्या गाडीवर मोहोराच्या काळात तुडतुड्यांचा चिकट स्राव पडतो व त्यावर काळी बुरशी धरते. हा स्राव आणि पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळण्यापूर्वी पाण्याने भिजवून काढल्यास पॉलिशची वेळ येत नाही.

विहीर व बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. गाडी उन्हात धुऊन तशीच वाळू दिली तर क्षारांचे पांढरे गोल डाग उरतात. ताजे डाग सौम्य व्हिनेगरने जातात, जुने मात्र थरात खोलवर उतरतात. रॉकेल किंवा डिझेलचे फडके फिरवून चमक आणण्याची जुनी रीत अजून दिसते. ती चमक तेलाच्या पातळ पटलाची असते. त्यावर धूळ अधिक चिकटते आणि आधी लावलेले मेणही निघून जाते.

पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात सीलंटचा थर देणे आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्ये धुऊन, रसायनाने लोहकण काढून, पुन्हा थर देणे हे वेळापत्रक या भागाच्या हवामानाला अनुरूप आहे. गाडी सावलीत व पत्रा हाताला थंड लागत असताना काम करावे. काळ्या प्लॅस्टिकवर व रबरी बीडिंगवर कंपाउंड वाळल्यास पांढरे डाग सहज निघत नाहीत, म्हणून ते भाग आणि पत्र्याच्या धारदार कडा आधी मास्किंग टेपने झाकतात.