दोन व्हीसीआर आणि मालेगावचा सुपरमॅन

साक्रीहून धुळं गाठायचं आणि मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेला निघायचं, की मालेगाव येतं. आज ते नाशिक जिल्ह्यात असलं, तरी १८६९मध्ये तो जिल्हा तयार होईपर्यंत मालेगाव खानदेशातच होतं. रात्रंदिवस खडखडणारे यंत्रमाग, शुक्रवारची सुट्टी आणि त्या दिवशी सिनेमाला उसळणारी गर्दी, ही या गावाची ओळख.

इथेच नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. परदेशी सिनेमांतली संथ दृश्यं काढून टाकायची, दुसऱ्या सिनेमातली मारामारी मध्येच जोडायची, हे काम ते दोन व्हीसीआर जोडून करत. एडिटिंगचं शिक्षण झालं ते एवढंच. पायरसीवरून पोलिसांचा छापा पडला, तेव्हा त्यांच्या मनात आलं की दुसऱ्यांचा सिनेमा कापण्यापेक्षा आपलाच का काढू नये?

२०००च्या सुमारास 'मालेगाव के शोले' आला. गब्बरचा झाला रबर सिंग, बसंतीची झाली बासमती आणि डाकू आले सायकलींवर. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून सायकली आल्या. पण पडद्यावर तोच विनोद झाला. गरिबी लपवायची नाही, तिच्यावर आपणच आधी हसायचं, ही या सिनेमांची खरी युक्ती.

त्याच काळात मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नलिनी मलानी फाळणी आणि अणुचाचण्यांविषयीचं व्हिडिओ इन्स्टॉलेशन मांडत होत्या. त्यांना आपण व्हिडिओ आर्टिस्ट म्हणतो आणि ते योग्यच आहे. नासिर यांच्याही हातात व्हिडिओच होता, पण त्यांच्या कामाला 'जुगाड' म्हटलं गेलं. शब्दांमधला हा फरक कलेपेक्षा जागेचा जास्त आहे.

पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. अंगाने काडीसारखे असलेले यंत्रमाग कामगार शफीक शेख त्यात सुपरमॅन झाले. सायकलवरून कॅमेरा फिरला, बैलगाडीची क्रेन झाली. फैझा अहमद खान यांनी ही सगळी धडपड 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली. २००६ आणि २००८च्या स्फोटांमुळे देशाला मालेगाव फक्त बातम्यांतून माहीत होतं. या माहितीपटाने तिथलं हसणं जगभर नेलं. पण शफीक कर्करोगाने गेले.

२०२५मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला. ज्यांनी आयुष्यभर बॉलिवूडची नक्कल केली, त्यांच्यावरच बॉलिवूडने सिनेमा काढला. नासिर यांची भूमिका आदर्श गौरव यांनी केली.

आता व्हीसीआर भंगारात गेले. तुमच्या मोबाइलवर छोटू दादाचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले जातात, तो खानदेशी विनोद याच मातीतून उगवला आहे. साक्रीतला एखादा पोरगा आज रिल काढतो, तेव्हा त्याला कॅमेरा भाड्याने आणावा लागत नाही आणि मुंबईची परवानगीही लागत नाही. ती परवानगी न मागता काम सुरू करण्याची हिंमत मात्र आधी कुणीतरी दाखवली होती. मागावर पाळी करून सुपरमॅनचा पोशाख चढवणारे शफीक त्यातलेच एक.