परदेशी स्वयंसेवक आणि यजमान गाव : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

परक्या देशातील एखाद्या खेड्यात जाऊन तेथील लोकसंस्थेच्या हाताखाली काही आठवडे किंवा महिने काम करणे हा आज अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, कृषी, विकासाचे अर्थशास्त्र अशा शाखांचे विद्यार्थी त्यासाठी श्रेयांक मिळवितात. 'इंटर्नशिप' हे नाव अलीकडे रूढ झाले असले, तरी या प्रथेला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो बहुतांशी जाणाऱ्यांच्या बाजूने, त्यांच्या पत्रांच्या आणि आठवणींच्या आधारे लिहिला गेला. यजमान गावाच्या बाजूने पाहिल्यास मात्र वेगळाच प्रश्न पुढे येतो : आलेल्या पाहुण्याला काम कोण नेमून देत होते आणि त्याचे चुकले तर ते त्याला सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने काही निवडक प्रसंगांचा विचार केला आहे.

फ्रान्समधील उद्ध्वस्त गाव ते बिहार

पहिल्या महायुद्धात व्हर्दंच्या लढाईने परिसरातील खेडी जमीनदोस्त झाली होती. त्यांपैकी एस्न या गावात १९२० च्या हिवाळ्यात स्विस अभियंता पिएर सेरेसोल (१८७९–१९४५) याने मूठभर स्वयंसेवकांसह पुनर्बांधणीचे शिबिर सुरू केले. त्यांत जर्मन तरुणही होते. कालच्या शत्रूने येऊन ढिगारे उपसावेत ही कल्पना उदात्त होती. परंतु स्थानिक विरोधामुळे काही महिन्यांतच काम आवरते घ्यावे लागले. 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संघटनेचा उगम याच शिबिरात मानला जातो. हेतू कितीही निर्मळ असला तरी यजमानांची संमती गृहीत धरता येत नाही, हा अनुभव अशा रीतीने या चळवळीच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे.

डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधी स्वित्झर्लंडमध्ये थांबले असता सेरेसोल यांची त्यांच्याशी भेट झाली. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला आणि त्याच वर्षी सेरेसोल तेथे पोहोचले. १९३७ पर्यंत ते मोजक्या युरोपीय सहकाऱ्यांसह अधूनमधून तेथे राहिले. मुझफ्फरपूर भागात भूकंपाने जमिनीची पातळी बिघडून पुराचा धोका वाढला होता. त्यामुळे उंच जागी नवी वस्ती उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आणि तिला शांतिपूर असे नाव मिळाले.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. युरोपात स्वयंसेवकाचे बळ त्याच्या फावड्यात होते. बिहारच्या खेड्यात काम करणाऱ्या हातांची वाण नव्हती. तेथे मजुरीवर पोट असणारी माणसे शेकड्यांनी होती. फुकट श्रम करणारा गोरा पाहुणा अशा ठिकाणी नेमका कोणाच्या उपयोगाचा? मदतकार्याची घडी राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील बिहार मध्यवर्ती मदत समितीने आधीच बसविली होती. एका बाजूस ही काँग्रेसप्रणीत समिती आणि दुसऱ्या बाजूस ब्रिटिश प्रशासन, अशा दोहोंशी बोलू शकणारा तिसरा माणूस ही भूमिका सेरेसोल यांच्या वाट्यास आली. ती त्यांनी स्वदेशातून ठरवून आणलेली नव्हती. तिला आकार दिला तो बिहारच्या परिस्थितीने. त्यांच्या कार्याचे मोल घरांच्या संख्येवरून केले जाते, ते अपुरे वाटते.

राज्यसंस्थेचा प्रवेश

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. स्वतंत्र भारताने २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू केला आणि ग्रामविकास हा शासनाच्या योजनेचा विषय बनला. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी स्थापन केलेल्या 'पीस कोअर'चे पहिले पथक त्याच वर्षाच्या अखेरीस पंजाबात दाखल झाले. १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक अमेरिकी स्वयंसेवकांनी भारतात काम केले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनी तर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी भरती होऊन १९६६ पासून मुंबईच्या विक्रोळी उपनगरात परिचारिका म्हणून सेवा केली.

लिलियन कार्टर यांच्या हाती परिचर्येचे कौशल्य होते. सर्वच स्वयंसेवकांची स्थिती तशी नव्हती. बहुसंख्य जण नुकतेच पदवीधर झालेले होते. कलाशाखेचा पदवीधर काही आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर पिढीजात शेतकऱ्याला शेती सांगण्यास उभा राहतो, यातील विसंगती त्या तरुणांपैकी अनेकांना स्वतःलाही जाणवत होती. शिवाय त्यांची नेमणूक दोन सरकारांमधील कराराने होत असे. परिणामी १९७१ च्या युद्धकाळात भारत-अमेरिका संबंध बिघडले, तेव्हा त्याची झळ या कार्यक्रमासही पोहोचली. गावाला स्वयंसेवक हवा होता की नको होता, हे तेव्हाही कोणी विचारले नाही.

याच सुमारास टीकेचा सर्वांत तिखट स्वर मेक्सिकोतून उमटला. २० एप्रिल १९६८ रोजी क्वेर्नाव्हाका येथे सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेत इव्हान इलिच यांना वक्ते म्हणून बोलाविले होते. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ज्यांची भाषा येत नाही त्यांचे भले करण्याचा दावा हा त्यांना निव्वळ ढोंगीपणा वाटला. इलिच यांचा निर्णय टोकाचा आहे. खेड्याला बाहेरच्या माणसाशी काही देणेघेणेच असू नये असा त्याचा अर्थ कोणी काढल्यास ते स्वीकारता येणार नाही. तथापि ज्या समाजाला तुम्हांस 'नको' म्हणता येत नाही तेथे सेवा करू नये, हा त्यामागील विचार आजही खोडून काढता आलेला नाही. भारतात २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांनाही तो तितकाच लागू पडतो, हे महाविद्यालयीन क्षेत्रातील मंडळींना वेगळे सांगावयास नको.

जामखेडचा अनुभव

रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) आणि मेबल आरोळे (१९३५–१९९९) हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे आले. प्रारंभी खेड्यांत परिचारिका नेमण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यास सुरुवात झाली. त्यांतील कित्येक जणी निरक्षर आणि दलित समाजातील होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडला येत, शिकत, आणि शिकलेले गावात वापरून पुन्हा नव्या अडचणी घेऊन येत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९३ पर्यंत १९ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कीर्तीबरोबर परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ सुरू झाला. वैद्यकीय शिक्षण घेणारा परदेशी विद्यार्थी जामखेडला येतो, तेव्हा त्याच्यापुढे शिक्षिका म्हणून बसलेली असते ती याच आरोग्यसेविकांपैकी एखादी. बाळंतीण कोणत्या घरात उपाशी आहे, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले जात नाही आणि त्याचा अतिसाराशी काय संबंध आहे, हे तिला ठाऊक असते आणि त्याला नसते. मराठी येत नसल्याने तो दुभाष्यावर अवलंबून राहतो, म्हणजे अडाणी ठरतो तोच. काम नेमून देणारी, चूक दाखविणारी आणि वेळप्रसंगी थांबविणारी व्यवस्था येथे पाहुणा येण्यापूर्वीच उभी होती. पीस कोअरच्या स्वयंसेवकाला हे भाग्य क्वचितच लाभले.

अर्थात या व्यवस्थेलाही किंमत मोजावी लागते. दर तुकडीला प्रकल्प समजावून सांगणे, दुभाषी पुरविणे, राहण्याजेवण्याची सोय करणे यांत कार्यकर्त्यांचे तास खर्च होतात. पाहुण्यांचे शुल्क संस्थेला हवे असते, आणि ते हवे असल्यामुळेच नकार देणे अवघड होते. लहान संस्थांच्या बाबतीत हा पेच अधिक गंभीर आहे. विद्यार्थी पाठविणारे विद्यापीठ त्याच्या अहवालाला गुण देते. यजमान संस्थेने त्या विद्यार्थ्याला किती गुण दिले असते, याची नोंद बहुधा कोठेच होत नाही.

तिलोनिया

राजस्थानातील तिलोनिया येथील 'बेअरफुट कॉलेज' ही १९७२ मध्ये सुरू झालेली संस्था. तेथे २००८ पासून भारत सरकारच्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमातून आफ्रिकेतील व अन्य देशांतील खेड्यांतल्या स्त्रिया सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी येऊ लागल्या. त्यांतील अनेक जणी आज्या होत्या, वाचता येणाऱ्या थोड्याच. शिकविणाऱ्या आणि शिकणाऱ्या यांची भाषा एक नव्हती; रंगांच्या खुणा आणि हातवारे यांवर सौरदिव्यांच्या जोडणीचे धडे चालत. परदेशातील खेड्यात जाऊन लोकसंस्थेत उमेदवारी करण्याचाच हा प्रकार, परंतु या विषयावरील लेखनात त्याचा उल्लेख सहसा येत नाही. या स्त्रियांची निवड त्यांच्या गावांनी केलेली असे, आणि परतल्यावर गावातील दिवे बसविणे व दुरुस्त करणे हे काम त्यांच्याकडे सोपविले जाई.